खुनी आला उंबरगल्लीत

“हात वर! सामान खाली! आणि शहाणपणा नको!”

सोलापूर स्टेशनच्या एक नंबर फलाटावर, सकाळच्या भर गर्दीत, साठीच्या एका फ्रेंच गृहस्थांना मी त्यांच्याच भाषेत हे ऐकवलं. आवाज खणखणीत होता, कारण आदल्या संध्याकाळपासून आरशासमोर तालीम चालली होती. मला म्हणायचं होतं, ‘आपलं स्वागत असो. सामान राहू द्या, मी घेते.’

गृहस्थांच्या तोंडातली सिगारेट खाली पडली. त्यांच्यामागून एक सहा फुटी, दाढी वाढलेला माणूस उतरत होता. त्याने खरोखरच दोन्ही हात वर केले आणि हातातली पेटी मागच्या एका आजोबांच्या पायावर आदळली. आजोबांनी त्यावर जे उद्गार काढले, ते मला कुणी फ्रेंचमध्ये करायला सांगितले नाहीत हे नशीब. खरं तर तेवढे मला अचूक जमले असते.

“हिला कोणी पाठवलं?” गृहस्थांनी विचारलं.

मुंबईहून त्यांच्याबरोबर आलेले व्यवस्थापक प्रधान पुढे झाले. त्यांना फ्रेंचचा गंध नव्हता, त्यामुळे ते अजून खुशीत होते. “या गिरिजा हत्तुरे,” ते इंग्रजीतून म्हणाले. “आपला दुभाषी पोट बिघडून काल मुंबईतच राहिला ना, त्याच्या जागी. अगदी साध्या, सोज्ज्वळ बाई आहेत. शाळेत भूगोल शिकवतात.”

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. १९९४ सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुण्यात राहून दोन वर्षं फ्रेंच शिकले होते. अण्णा म्हणायचे, “गिरिजा, ही भाषा सोलापुरात बोलणार कुणाशी? सिद्धेश्वर तळ्यातल्या माशांशी?” ते खरंच होतं. व्याकरण पक्कं होतं, पण बोलायला माणूस नव्हतं. पुणं सोडताना आमच्या परेरा मॅडमनी पुस्तकांचा एक खोका हातात दिला. “वाचत राहा, नाहीतर गंजेल,” म्हणाल्या. खोक्यात सगळ्या स्वस्तातल्या फ्रेंच गुन्हेगारी कादंबऱ्या. प्रत्येकीवर ओला रस्ता, विझत आलेला दिवा आणि कोपऱ्यात पालथा पडलेला कुणाचा तरी बूट. चार वर्षं मी त्यांची पारायणं केली. भूगोलाच्या वह्या तपासून झाल्या की मी फ्रान्सातल्या मार्से बंदराच्या गोदीत जायची. तस्करांच्या टोळ्या, भ्रष्ट इन्स्पेक्टर, घामट दारूगुत्ते. अख्खं शहर रात्री जागं आणि दिवसा दुखत असलेलं. त्या खोक्यातून मी जी भाषा उचलली, तिच्यात ‘स्वागत असो’ कुणीच म्हणत नव्हतं. दार उघडलं की म्हणायचे ते हेच, जे मी फलाटावर म्हणाले.

गृहस्थांचं नाव देलकूर. फ्रान्सात गुन्हेगारी चित्रपट काढणारे मोठे दिग्दर्शक. ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांच्या पोटापासून काहीतरी हलायला लागलं आणि ते असे हसत सुटले की त्यांना हमालाच्या गाड्यावर बसावं लागलं.

“माझा बाप असं बोलायचा,” ते डोळे पुसत म्हणाले. “बंदरावर ओझी वाहायचा तो. ही भाषा बोलणारी माणसं मार्सेत आता उरली नाहीत. आणि ती मला इथे भेटते, वेणी घातलेल्या बाईच्या तोंडून!”

मी म्हणाले, “आभारी आहे, म्हाताऱ्या.”

आदरार्थी सर्वनाम त्या कादंबऱ्यांत फक्त न्यायाधीशांना वापरायचे.

हात वर करणाऱ्या उंच माणसाचं नाव आर्मां. चित्रपटातला खुनी तो. पडद्यावर त्याने म्हणे चाळीसेक माणसं मारली होती. प्रत्यक्षात अतिशय हळू आवाजाचा माणूस. त्याने आजोबांची तीनदा माफी मागितली आणि जीपमध्ये बसताना मला आधी चढू दिलं.

वाटेत देलकूर यांनी मला शेवटचा प्रसंग समजावून सांगितला. मार्सेत तीन खून करून आर्मां बोटीने हिंदुस्थानात पळतो. लपत लपत एका गावातल्या अंधाऱ्या, कुजट गल्लीत शिरतो. इन्स्पेक्टर मागून येतो, गोळी झाडतो. एका दगडी पायरीवर आर्मां पडतो, पायरीवरून रक्ताचा ओघळ गटारात उतरतो, संपला चित्रपट.

“शहर म्हणजे जखम असते,” देलकूर म्हणाले. “मी आयुष्यभर जखमाच टिपल्या. तुमची ही गल्ली मी फोटोत पाहिली आणि झोप उडाली. काय चिखल! काय ओल! भिंतींना घाम फुटलेला!”

उंबरगल्लीची आताची स्थिती त्यांना फ्रेंचमध्ये कशी सांगावी, या विचारात मी होते. फोटो मेमधले असणार. तेव्हा तिथे पाण्याचा नळ फुटला होता आणि आठवडाभर गटार वर आलं होतं. आता ऑक्टोबर होता. आणि गल्लीला कळलं होतं की आपल्याकडे परदेशातलं शूटिंग होणार आहे.

जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. देलकूर उतरले आणि तिथेच खिळले.

दोन्ही बाजूंची घरं पांढरीशुभ्र, चुना अजून ओला होता. खाली निळीची पट्टी. दारोदारी आंब्याचं तोरण. फरशा घासूनपुसून लख्ख, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगोळ्या. कमळं, मोर, एके ठिकाणी आयफेल टॉवर, त्याच्या शेंड्यावर स्वस्तिक. मध्ये कापडी फलक: ‘परदेशी पाहुण्यांचे उंबरगल्ली महिला मंडळाकडून सुस्वागतम.’ बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून रांगेत, आणि सगळ्यांच्या पुढे, हातात आरतीचं तबक घेतलेल्या शेवंताबाई म्हेत्रे. साठी ओलांडलेल्या, काटक, कपाळ मोकळं, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. गल्ली त्यांच्या शब्दावर चालायची.

“हे काय आहे?” देलकूर यांनी दबल्या आवाजात विचारलं. “हा दवाखाना आहे. माझा खुनी दवाखान्यात कसा लपेल?”

“काय म्हणायलेत गं ते?” शेवंतामावशींनी मला विचारलं.

“फार स्वच्छ आहे म्हणतात.”

“मग!” मावशी म्हणाल्या आणि देलकूर यांच्या कपाळावर एवढा मोठा टिळा ओढला.

देलकूर टिळा लावून जीपजवळ परत गेले, प्रधानांना बाजूला घेतलं आणि तासाभरात एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत कचरा. फाटकी पोती, कुजका भाजीपाला, राख, चिंध्या. चित्रपटाची माणसं खाली उतरली आणि फावड्याने तो गल्लीत पसरायला लागली.

पहिलं फावडं पडलं तेव्हा गल्ली गप्प होती. बायकांना वाटलं ट्रॅक्टर चुकून आलाय. दुसरं पडलं ते मोरावर.

“का बे!” शेवंतामावशींचा भोंगा वाजला. “डोकं फिरलं का तुझं? उचल ते!”

फावडेवाल्याने प्रधानांकडे पाहिलं, प्रधानांनी देलकूर यांच्याकडे, देलकूर यांनी माझ्याकडे. तेवढ्यात मावशींनी तबक ठेवून खराटा उचलला होता. मग शेजारच्या सोजरबाईंनी उचलला. मग सगळ्यांनी. पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते जगातल्या कुठल्याही चित्रपटात नसेल. माणसं या टोकाला कचरा टाकत जायची आणि बायका मागून तो लोटत ट्रॉलीपाशी आणायच्या. गल्ली जशीच्या तशी, ट्रॉली जशीच्या तशी, मध्ये धुळीचा ढग आणि त्या ढगात आर्मां, शिंकणारा.

“तिला सांग,” देलकूर ओरडले, “हे खोटं आहे, चित्रपट संपला की आम्ही सगळं धुऊन देऊ!”

मी सांगितलं.

“त्याला म्हणावं,” मावशी खराटा न थांबवता म्हणाल्या, “ही घाण तुझ्या दारात नेऊन टाक. आणि पुन्हा गाडी आत घातलीस तर चाकाची हवा काढीन.”

एरवी मला हे सौम्य करता आलं असतं. पण सौम्य फ्रेंच माझ्याकडे नव्हतंच. माझ्या तोंडून गेलं ते असं: “या इलाख्याची मालकीण म्हणते, आपला माल आपल्या गोदीवर उतरव. उद्या इथे दिसलास तर माशांना मेजवानी.”

देलकूर यांनी हात जोडले. रागाने नव्हे. “काय बाई आहे!” ते म्हणाले. “असा टोळीप्रमुख मला तीस वर्षांत नट म्हणून मिळाला नाही.”

“आता काय म्हणाला?” मावशींनी विचारलं.

“तुमचं कौतुक करतायत.”

“कौतुक कर म्हणावं, पण लांबून.”

हळूहळू देलकूर मऊ झाले. कचरा फक्त गल्लीच्या तोंडाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला टाकायचा, आत एक काडीसुद्धा नाही, असं ठरलं. आयफेल टॉवरवरचं स्वस्तिक तेवढं पुसायचं, कारण युरोपात त्याचा अर्थ वाईट होतो. मावशींना हे पटायला वेळ लागला, पण शेवटी त्यांनी त्या जागी मोगऱ्याचं फूल काढलं. सगळे हसत होते. कुणीतरी पोहे आणले. आर्मां पाटावर मांडी घालून बसायला गेला, त्याची मांडी बसेना, बायका पदर तोंडाला लावून खिदळायला लागल्या. मला वाटलं, झालं, जिंकले मी. मार्से आणि सोलापूर यांच्यात तह झाला.

मग एक माणूस लाल पाकाचा डबा घेऊन आला. घट्ट, गडद, अगदी रक्तासारखा. देलकूर पायऱ्या बघत गल्लीतून फिरले आणि एका दारापाशी थांबले. “ही,” ते म्हणाले. “ही पायरी. इथे पडेल तो. रक्त इथून खाली.”

माणसाने डब्याचं झाकण काढलं.

शेवंतामावशी आल्या. ओरडल्या नाहीत. खराटा भिंतीला टेकवला आणि त्या पायरीवर जाऊन बसल्या. मांडीवर हात, नजर समोर. त्यांच्यामागे दारात त्यांची सून यमुना उभी होती. पस्तिशीची असेल. सकाळपासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने डब्यातला लाल रंग पाहिला, मागे वळली आणि घरात गेली.

“मावशी,” मी म्हणाले, “तो पाक आहे साखरेचा. धुतला की जातो.”

मावशी पायरीवरून हलल्या नाहीत.

पोह्यांच्या बशा हातात घेऊन सगळी गल्ली उभी होती, आणि एकही चमचा वाजत नव्हता. सोजरबाईंनी माझा दंड धरून मला भिंतीशी ओढलं.

“तुम्ही इकडच्या नव्हं बाई, तुम्हाला ठाव नाही,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “ह्याच पायरीवर मावशींचा मल्लिनाथ पडला, बारा वर्सं झाली. यमुनाचा नवरा. गिरणीतनं घरी यायला होता, डबा हातात. कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. कुणा पैलवानाच्या टोळीतल्या एका गुंडानं दुसराच समजून भोसकला. दिवसाउजेडी. समद्या गल्लीनं बघितलं, आणि कोर्टात एक बाप्या उभा राहिला नाही. सुटला तो. अजून यष्टी स्टँडवर पान खात बसतो.”

“आणि मावशी?”

“पंचनामा करून पोलीस गेले. मग मावशींनी पायरी धुतली. आपल्या हातानं. दगड रगत पितो हो बाई, जाता जाईना. आठवडाभर घासायल्या होत्या. पेपरात आलं, ‘खुनी गल्ली’. रिक्षावाले आत यायचे बंद झाले. आमच्या पोरींची ठरलेली लग्नं मोडली. तवापासनं हे चालू झालं. रोज सकाळी सगळी गल्ली झाडायची, सडा टाकायचा, रांगोळी घालायची. मावशी म्हणतात, आपली गल्ली कसली हाय ते पेपरवाले नाही ठरवणार.”

देलकूर माझ्याकडे बघत होते. सगळेच. मला आता ते फ्रेंचमध्ये सांगायचं होतं.

मी तोंड उघडलं. खुनाचे शब्द सगळे होते माझ्याकडे. चाकूला सात शब्द होते. मरण्याला नऊ. पोलिसांना किती होते ते तर मोजलेच नाहीत. पण पायरी घासणाऱ्या बाईसाठी एक शब्द सापडेना. त्या खोक्यातल्या एकाही पुस्तकात प्रेत उचलल्यानंतर मागे कुणी थांबलं नव्हतं. प्रकरण तिथेच संपायचं, आणि पुढच्या पानावर इन्स्पेक्टर दारूच्या गुत्त्यात असायचा.

मग मी पहिलीतल्या मुलीसारखी बोलले. छोटी छोटी वाक्यं. ही आई आहे. हा तिचा मुलगा होता. इथे. त्याचं रक्त तिने धुतलं. तिने एकटीने. ती अजून धुते.

देलकूर यांनी हॅट काढली. डबेवाल्याला खुणेने जायला सांगितलं. मग ते मावशींच्या समोर, खाली रस्त्यावर, आपल्या किमती पँटीसकट फरशीवर बसले.

“तिला म्हणावं, माझी चूक झाली,” ते म्हणाले. “रक्त नाही सांडणार. इथे नाही, दुसऱ्या कुणाच्या पायरीवरही नाही.”

मी सांगितलं. मावशींनी मान हलवली.

“पण मग मला तिला विचारायचंय,” देलकूर थोड्या वेळाने म्हणाले. “माझा खुनी पळत पळत इथवर आलाय. मागे जाता येत नाही त्याला. त्याचं मी काय करू?”

शेवंतामावशींनी आर्मांकडे पाहिलं. तो पोह्यांची बशी हातात धरून भिंतीशी अवघडून उभा होता. त्यांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि नजर त्याच्या बुटांवर थांबली.

“हा खुनी?”

“हो. सिनेमातला.”

“आणि हा पायातलं न काढता माझ्या रांगोळीवरनं पळणार?”

“हो.”

“मग त्यो पोलीस कशाला पायजे मध्ये?” मावशी म्हणाल्या. “आम्ही काय मेलोय का?”

मी भाषांतर पुरं करायच्या आत देलकूर उभे राहिले होते. मी एवढ्या वयाच्या माणसाला असं उडी मारून उठताना पाहिलं नाही. “कॅमेरा!” ते ओरडले. “दोन कॅमेरे! तिसरा छपरावर! इन्स्पेक्टरला सांगा, घरी जा! आर्मां, तू कोपऱ्यावरून येशील, पिस्तूल हातात, आणि नुसता पळशील. तालीम नाही. काहीही झालं तरी थांबायचं नाही!”

“काहीही म्हणजे काय?” आर्मांने माझ्याकडे बघत हळूच विचारलं.

मी त्याला त्याच्याच भाषेत धीर दिला. “मर्दासारखा जा, मित्रा. आम्ही तुझ्या आईला सांभाळू.”

त्याचा चेहरा आणखी उतरला.

बायकांना एवढंच सांगितलं की पिस्तूल खोटं आहे, माणूस चांगला आहे, आणि खुनी गल्लीत आला तर जे कराल ते करा. डोक्यात मारू नका. सोजरबाईंनी विचारलं, “पाठीत चालंल का?” मी देलकूर यांना विचारलं. ते म्हणाले, “उत्तम.”

दुपारची उन्हं पांढऱ्या भिंतींवरून उसळत होती. गल्ली नेहमीसारखी झाली. कुणी निवडत बसलं, कुणी वाळवण हलवत. मी मधल्या एका घराच्या माडीवर, देलकूर यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

आर्मां कोपऱ्यावरून आला.

आणि खरं सांगते, मी घाबरले. तो मघाचा माणूस नव्हताच. डोळे फाटलेले, तोंड वाकडं, हातात ते काळं पिस्तूल, आणि पळण्यात अशी काही जनावरासारखी भीती आणि क्रूरता होती की कडेला बसलेल्या दोघी किंचाळून मागे सरकल्या. पहिलं कमळ त्याच्या बुटाखाली गेलं. मग दुसरं. मग मोर. आयफेल टॉवर त्याने एका पावलात उद्ध्वस्त केला.

गल्ली थिजून बघत होती. मावशीसुद्धा. खराटे हातातच राहिले. क्षणभर मला वाटलं, बारा वर्षांपूर्वी असंच झालं असेल.

मग म्हेत्र्यांच्या दारातून यमुना बाहेर आली.

पदर कंबरेला खोचलेला. हातात खराटा नाही, कपडे धुवायचं धोपटणं. ती सरळ त्याच्या वाटेत उभी राहिली. आर्मां थबकला, पिस्तूल तिच्यावर रोखलं, कारण खुन्याने तेच केलं असतं. यमुनाने त्या पिस्तुलावर असं धोपटणं हाणलं की ते उडून समोरच्या माळवदावर गेलं.

“जोड्यासकट येतोस?” ती म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो सासूच्यापेक्षा मोठा होता.

त्यानंतर गल्ली फुटली. दोन्ही बाजूंनी बायका निघाल्या. खराटे, लाटणी, एकीच्या हातात सूप. आर्मां वळला आणि आल्या वाटेने पळत सुटला, आणि आता त्याला अभिनय करायची गरज उरली नव्हती. पाठीत धपाधप बसत होते. तो फ्रेंचमध्ये ओरडत होता, मागे वळून हात वर करत होता, पुन्हा पळत होता. फलक त्याच्या डोक्यात अडकला आणि ‘सुस्वागतम’ त्याच्या पाठीवर फडफडायला लागलं.

“कुपे!” देलकूर ओरडले, म्हणजे थांबवा. पण ते इतके हसत होते की शब्द धड उमटला नाही. “कुपे! कुपे! नको, राहू दे! चालू ठेवा!”

बाकीच्या बायका गल्लीच्या तोंडाशी थांबल्या, कारण तिथे कचऱ्याचा ढीग होता आणि त्यात पाय घालायची कुणाची तयारी नव्हती. यमुना थांबली नाही. ती ढिगावरून उडी मारून गेली. मोठ्या रस्त्यावर रिक्षा थांबल्या, सायकली थांबल्या, सिटीबसच्या खिडक्यांतून माना बाहेर आल्या. सोलापूरने पाहिलं, एक सहा फुटी गोरा माणूस पुढे आणि धोपटणं घेतलेली उंबरगल्लीची यमुना मागे. बसमधून कुणीतरी शिट्टी वाजवली. “सोडू नगं वैनी!” एक रिक्षावाला ओरडला.

पुढच्या चौकात आर्मां गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात वर केले. यमुनाने धोपटणं उचललं, आणि ते तसंच हवेत राहिलं. तिला भान आलं असावं. धापा टाकत ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने त्याच्या डोक्यातला फलक काढला, त्याचा सदरा झटकला आणि त्याला हाताला धरून परत आणलं.

गल्लीने काय जल्लोष केला म्हणता! देलकूर माडीवरून धावत उतरले आणि शेवंतामावशींना मिठी मारायला गेले, मग अर्ध्यात थांबून वाकून नमस्कार केला. आर्मांला म्हेत्र्यांच्या घरात बसवून पाठीला हळद लावली. तो सारखा म्हणत होता की इतका चांगला मार त्याला कुठल्याही चित्रपटात पडला नव्हता. मी ते मराठीत सांगितलं की हशा, आणि हशाचं फ्रेंच करायची गरज नव्हती.

चित्रपट तसाच संपतो. पुढे वर्षभराने त्याची व्हिडिओ कॅसेट आली आणि आम्ही सगळ्यांनी ती मावशींच्या घरी पाहिली. दीड तास मार्सेचा अंधार, पाऊस, बंदरावरची मारामारी, कुणी कुणावर विश्वास न ठेवणारं शहर. आणि शेवटी एकदम पांढरीशुभ्र गल्ली. फ्रान्समध्ये काहींना तो शेवट आवडला नाही म्हणे. गुन्हेगारी चित्रपटाला शोभत नाही म्हणाले. मी पुढे शाळा सोडली आणि दुभाष्याचंच काम धरलं. मोठमोठ्या माणसांच्या मध्ये उभी राहून पुष्कळ बोलले. आता मला सौम्य फ्रेंचही येतं. पण माझ्या कामाचा खरा दिवस विचाराल तर मी त्या शूटिंगच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगेन.

मंडळी मुंबईला गेली होती. मी शाळेला निघाले होते, साडीची पिन लावत होते, तेव्हा अण्णांनी हाक मारली. “गिरिजा, कुणी बाई आल्यात.”

ओट्यावर यमुना उभी होती. डोळे रात्रभर जागल्यासारखे.

“बाई, एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “काल तो पळताना ओरडायला होता. सारखं एकच. चौकात हात वर केले तवाबी तेच. काय म्हणायला होता तो?”

“ज म रां,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे, मी शरण आलो. हरलो मी.”

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. हसणार आहे की रडणार, ते मला कळेना.

“खुनी असं म्हणायला होता?”

“हो. सारखं तेच.”

“परत म्हणा,” यमुना म्हणाली आणि ओट्यावर बसली. “त्याच्याच भाषेत म्हणा.”

मी तिच्याजवळ खाली बसले. रस्त्यावरून पोरी शाळेला निघाल्या होत्या, पहिली घंटा झाली. मी म्हणत राहिले, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली.